‘निधी मंजूर’ झाल्यावर पुढे काय होतं?

कोकणातल्या किनाऱ्यावरच्या वाढत्या गावात जिल्हा आवृत्तीची पानं उलटली की एक बातमी हमखास दिसते : समुद्रकिनाऱ्याच्या सुशोभीकरणासाठी इतक्या कोटींचा निधी मंजूर. बातमीबरोबर आराखड्याचं रंगीत चित्र असतं. त्यात फरसबंद पायवाट, दिव्यांचे खांब, बसायला बाकं आणि एक सेल्फी पॉइंट. वर्ष उलटतं, किनारा तसाच दिसतो आणि नाक्यावर निकाल लागतो, ‘पैसे खाल्ले.’ कधी ते खरं असतं. पण कितीतरी वेळा पैसे आलेलेच नसतात, कारण ‘मंजूर’ हा त्या कामाच्या लांब वाटेवरचा एक सुरुवातीचा टप्पा असतो.

ही वाट समजून घ्यायला हवी. आधी नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत ठराव होतो. मग अंदाजपत्रक तयार होतं आणि त्याला तांत्रिक मान्यता लागते. रस्ता-इमारतीचं काम असेल तर बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते ते तपासतात, पाणी योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे. त्याशिवाय प्रशासकीय मान्यता लागते. जिल्हा नियोजन समितीचा पैसा असेल तर ती जिल्हाधिकारी देतात. बातमी बहुतेक याच वेळी छापून येते. त्यानंतर निधी प्रत्यक्ष वितरित व्हावा लागतो. नगरपरिषदेच्या लेखा विभागात ‘बीम्सवर आला का?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. बीम्स म्हणजे राज्य सरकारची निधी वाटपाची संगणक प्रणाली. त्यानंतर ई-निविदा, दरांची छाननी आणि शेवटी ठेकेदाराच्या हाती कार्यादेश. या सगळ्यात कोकणाचं हवामान स्वतःची भर घालतं. मार्चअखेरीला निधी आला, एप्रिल-मे निविदेत गेला, तर कार्यादेश निघतो नेमका मृग नक्षत्राच्या तोंडावर. मग काम सुरू होतं दसऱ्यानंतर. मध्ये कुठली निवडणूक लागली तर आचारसंहिता आहेच. म्हणून बातमी वाचताना आधी एवढं पाहावं, की ती ठरावाची आहे, प्रशासकीय मान्यतेची आहे की कार्यादेशाची. या तिन्हींत दोन-दोन वर्षांचं अंतर पडू शकतं.

काम सुरू झाल्यावर जागेवर जो फलक लागतो तो लोक वाचत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. योजनेचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, ठेकेदाराचं नाव, काम सुरू झाल्याची तारीख आणि पूर्ण करण्याची मुदत हे सगळं त्यावर असायला हवं. त्यातली सर्वांत उपयोगाची ओळ तळाशी असते, दोषदायित्व कालावधीची. त्या कालावधीत पेव्हर ब्लॉक खचले, दिवे बंद पडले, भिंतीला तडा गेला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. पण त्यासाठी कुणीतरी नगरपरिषदेला लेखी कळवावं लागतं. खाऱ्या वाऱ्यात लोखंड दोन पावसाळ्यांत पोखरतं. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कामात ही ओळ शहरातल्या कामापेक्षा जास्त मोलाची आहे.

दुसरी अडचण मालकीची. गावाला वाटतं किनारा नगरपरिषदेचा. प्रत्यक्षात तिथे निदान पाच-सहा कार्यालयांचे अधिकार एकमेकांत अडकलेले असतात. जमीन बहुतेक महसूल खात्याची. जेट्टी आणि जलक्रीडांचे परवाने १९९६मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. लाटांनी किनारा कापू नये म्हणून बांधायचा धूपप्रतिबंधक बंधारा पत्तन विभागाचा. खारफुटी आणि बऱ्याच ठिकाणचं सुरूचं बन वन खात्याचं. त्यावर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. हे नियम पहिल्यांदा १९९१मध्ये आले, २०११मध्ये नव्यानं लिहिले गेले आणि २०१९मध्ये पुन्हा बदलले. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधता येईल ते त्यातून ठरतं. शहरी हद्दीतला, आधीच दाटीनं बांधला गेलेला आणि रस्ते, पाणी, गटार असलेला भाग सीआरझेड-दोनमध्ये येतो. तिथे अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला बांधकामाला वाव मिळतो. ग्रामीण किनारा सीआरझेड-तीनमध्ये. २०१९च्या अधिसूचनेनं त्याचे दोन भाग केले. २०११च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१हून जास्त माणसं राहतात, तिथे ना-विकास क्षेत्र ५० मीटरचं. बाकीच्या ठिकाणी ते २०० मीटरच राहिलं. दाट वस्तीच्या गावात जमिनीच्या भावाला पंख का फुटतात, याचं एक कारण या ५० आणि २०० मीटरच्या फरकात आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. २०११च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची लोकसंख्या बारा हजारांवर होती, मालवणची अठरा-एकोणीस हजार, अलिबागची वीस हजारांवर. महाराष्ट्रात चाळीस हजारांपर्यंतच्या लोकसंख्येच्या नगरपरिषदा ‘क’ वर्गात मोडतात. अभियंते किती, आरोग्य निरीक्षक किती, लिपिक किती, हे या वर्गावरून ठरतं. वित्त आयोगाच्या अनुदान वाटपातही लोकसंख्येचं वजन सर्वांत मोठं. पंधराव्या वित्त आयोगानं त्याला ९० टक्के वजन दिलं आणि क्षेत्रफळाला १० टक्के. या हिशेबात दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी रांगेत उभा असलेला माणूस कुठेच मोजला जात नाही. तो मुंबईत, पुण्यात किंवा कोल्हापुरात मोजला गेलेला असतो आणि त्याच्या नावाचं अनुदानही तिकडेच जातं. त्याला लागणारं पाणी, त्यानं टाकलेली बाटली आणि त्याचा मैला मात्र मालवणला सांभाळावा लागतो.

शिवाय हातची आवक तुटपुंजी. नगरपरिषदांची जकात १९९९मध्ये बंद झाली आणि बदल्यात सरकारी अनुदान सुरू झालं. स्वतःची म्हणावी अशी घरपट्टी आणि पाणीपट्टी उरली, शिवाय गाळ्यांचं भाडं. घराच्या परसात चार खोल्या बांधून निवास-न्याहारी सुरू केली, तरी नोंदीत बदल होईपर्यंत ते घरच राहतं आणि घरपट्टीही घराच्याच दरानं लागते. माथेरान आणि महाबळेश्वरच्या नगरपरिषदा पर्यटकांकडून प्रवासी कर घेत आल्या आहेत. डोंगरावर जायला मोजकेच नाके असतात, म्हणून तिथे वसुली जमते. किनाऱ्यावरच्या गावात शिरायला दहा वाटा. तरीही वाहनतळाच्या पावतीतून किंवा होडीच्या तिकिटातून स्वच्छतेसाठी थोडा पैसा बाजूला काढता येतो, आणि त्याची सुरुवात करायला नगरसेवकांनी कचरू नये असं मला ठामपणे वाटतं. पाहुण्याला सुविधा हवी असते आणि तिच्यासाठी दहा-वीस रुपये द्यायला बहुतेक लोक तयार असतात.

एवढ्या कमी पैशात एक गाव काय करू शकतं, त्यासाठी वेंगुर्ल्याकडे पाहावं. वेंगुर्ल्याचा कचरा परबवाड्याच्या डेपोवर जाऊन पडायचा. इतर कुठल्याही डेपोसारखाच तोही होता : ढीग, धूर, माश्या आणि शेजारच्या वस्तीचा विरोध. रामदास कोकरे २०१५च्या सुमारास तिथे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेनं कचऱ्याचा प्रश्न डेपोवर सोडवण्याआधी घराच्या दारात सोडवायला घेतला. घंटागाडी दारात आली की ओला, सुका, प्लास्टिक आणि काच-धातू असे वेगळे डबे. एकत्र केलेला कचरा गाडी घ्यायची नाही. सुरुवातीला कुरबुर झाली असणार, पण गाव लहान. गाडीवरचा माणूस आणि घरातली बाई एकमेकांना ओळखतात, आणि या ओळखीचा उपयोग झाला.

डेपोवर आलेल्या मालाची पुन्हा वर्गवारी होते. पुठ्ठा वेगळा, दुधाची पिशवी वेगळी, कुरकुऱ्याचं चकचकीत पाकीट वेगळं, चप्पल, नारळाची करवंटी, बाटलीचं बूच, सगळं वेगळं. असे वीसहून जास्त प्रकार होतात. वर्गवारी एवढी बारीक का करायची? भंगारवाला मिसळलेल्या प्लास्टिकला भाव देत नाही, एकजात माल मात्र विकला जातो. जे विकलंच जात नाही ते पातळ प्लास्टिक यंत्रात बारीक करून डांबरात मिसळलं आणि रस्त्यांना वापरलं. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि त्यातून वीज. त्या विजेवर केंद्रातली यंत्रं चालली. पालापाचोळा आणि फांद्या दाबून जळणाच्या कांड्या केल्या. ज्या जागेवरून लोक नाकाला रुमाल लावून जायचे, तिथे बाग फुलली आणि ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ असा फलक लागला. दुसऱ्या गावांचे नगरसेवक आणि शाळांच्या सहली ते पाहायला येऊ लागल्या. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं कचरा वेगळा करणाऱ्या देशातल्या गावांमध्ये वेंगुर्ल्याचं नाव घेतलं.

या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की यात मोठं बांधकाम जवळजवळ नाही. खर्च होता तो रोजचा. गाडी वेळेवर पाठवायची, वर्गवारी करणाऱ्या बायांना मजुरी द्यायची, हातमोजे द्यायचे, यंत्राचं पातं बोथट झालं की बदलायचं. अशा कामाला उद्घाटन नसतं आणि कोनशिलाही नसते, म्हणून त्याची बातमीही होत नाही. ते बंद पडलं तर पंधरा दिवसांत वास येतो. कोकरे पुढे कर्जतला आणि नंतर कल्याण-डोंबिवली महापालिकेत गेले. मुख्याधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, गाडी मात्र रोज सकाळी निघावी लागते. म्हणूनच कुठल्याही प्रकल्पाची बातमी आली की ‘किती कोटींचा?’ याच्या जोडीला ‘चालवायला दरमहा किती लागणार आणि ते कुठल्या लेखाशीर्षातून?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. २०१६च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या हॉटेलांवर आणि संस्थांवर आपल्याच आवारात ओल्या कचऱ्याची सोय लावण्याची जबाबदारी टाकली होती. मोठ्या रिसॉर्टचं खरकटं नगरपरिषदेच्या गाडीत जात असेल, तर त्याचा खर्च गावातला साधा घरपट्टी भरणारा उचलतोय.

कचरा निदान डोळ्यांना दिसतो. विहीर आणि संडासची टाकी यांचं नातं दिसत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर पाण्याचे टँकर फिरतात. जांभ्याच्या खडकातून आणि वाळूतून पाणी झटकन उतरून समुद्राला मिळतं, हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते किंचित हलकं असतं. दोन्हींच्या वजनातल्या फरकाचा हिशेब असा : भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलटही तितकंच खरं. पंपानं उपसून ती पातळी अर्धा मीटर खाली आणली, तर खारं पाणी पुढेमागे वीस मीटर वर सरकू शकतं. एकदा विहीर मचूळ झाली की ती गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात.

आता त्याच परसात डोकावा. पाच माणसांच्या कुटुंबासाठी पूर्वी बांधलेली टाकी आणि शोषखड्डा. पलीकडे विहीर. मग चार एसी खोल्या झाल्या, प्रत्येकीला न्हाणीघर. मे महिन्यात घरात पाचऐवजी वीस माणसं. उपसा चौपट आणि त्याच टाकीत मैलाही चौपट. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर हवा. किनाऱ्यावरच्या अरुंद, लांबट वाड्यांत एवढं अंतर घराघराला मिळणं कठीण. आपली विहीर आपल्या खड्ड्यापासून दूर असली तरी शेजाऱ्याच्या खड्ड्याला ती लागून असते.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे भुयारी गटार. पण किनाऱ्यावर ती फार महागात पडते. सांडपाणी उतारानं वाहतं, म्हणून सपाट भागात नळ खोल खोल न्यावे लागतात. तिथे हातभर खणलं की पाणी लागतं. मग जागोजागी पंपघरं, त्यांची वीज आणि खाऱ्या हवेत गंजणारे पंप. शिवाय मे महिन्यात भरून वाहणारी वाहिनी जुलैत जवळजवळ कोरडी राहते आणि आत गाळ बसतो. म्हणून लहान गावांना मला वाईचा मार्ग जास्त पटतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं वाई नगरपरिषदेनं २०१८मध्ये घरोघरच्या टाक्या ठरलेल्या वेळी, तीन वर्षांतून एकदा, उपसायला सुरुवात केली आणि तो मैलागाळ प्रक्रिया केंद्रात नेला. पुढे सिन्नरनंही तेच केलं. टाकी तुंबून वाहू लागल्यावर टँकर बोलवायची गरज राहत नाही आणि टँकर रात्री ओढ्यात रिकामा होण्याची शक्यताही कमी होते. वाईला समुद्र नाही, पण ही पद्धत समुद्राकाठी अधिकच लागू पडते. मात्र तिथे पाहुणे ठेवणाऱ्या घरांची टाकी तीन वर्षं थांबू शकणार नाही, तिला दरवर्षी गाडी लागेल.

गावाची ग्रामपंचायत राहावी की नगरपंचायत व्हावी, हा वाद बहुतेक किनाऱ्यावर कधी ना कधी पेटतो. दापोली, गुहागर, देवगड-जामसंडे ही नगरपंचायती झालेली गावं. नगरपंचायत झाली की मुख्याधिकारी येतो, नगरविकास खात्याच्या योजना उघडतात, विकास आराखडा होतो. त्याच वेळी जलजीवनसारख्या ग्रामीण योजनांचं दार बंद होतं. आणि ज्याची चर्चा सर्वांत कमी होते ते नुकसान म्हणजे ग्रामसभा जाते. वर्षातून निदान चार वेळा सरपंचाला उभं करून जाब विचारायचा कायदेशीर हक्क गावाला असतो. नागरी भागासाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात २००९मध्ये आली, पण ती प्रत्यक्षात भरलेली पाहिलेला माणूस शोधावा लागतो. नगरपंचायतीच्या मागणीबरोबरच नियमित क्षेत्रसभेची मागणी व्हायला हवी.

गोव्यानं वेगळी वाट धरली. कळंगुटला लाखो पर्यटक येतात आणि तिथे आजही ग्रामपंचायतच आहे. एवढा भार पंचायतीला पेलणार नाही हे ओळखून राज्य सरकारनं काही कामं स्वतःकडे घेतली. किनाऱ्याची सफाई पर्यटन खात्याकडे आली, जीवरक्षकांची व्यवस्था २००८पासून राज्याच्या ठेक्यातून झाली आणि बार्देश पट्ट्याचा कचरा साळगावच्या प्रकल्पात जाऊ लागला. तो २०१६मध्ये दिवसाला १०० टन क्षमतेनं सुरू झाला आणि पुढे वाढवावा लागला. आपल्याकडे तारकर्ली, देवबाग, वायरी अशा लागून असलेल्या गावांचा कचरा आणि मैला एकत्र हाताळायचा, तर साळगावकडून शिकण्यासारखं आहे. प्रत्येक पंचायतीनं वेगळं यंत्र घ्यायचं आणि ते वेगवेगळं गंजू द्यायचं, यात गावाचं काहीच भलं नाही.

दोन कामांचं कौतुक इथे करायलाच हवं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अलिबागमध्ये मात्र राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून वीजवाहिन्या जमिनीखाली टाकायचं काम झालं. रस्ते खणले, लोक वैतागले, आणि आता ते काम कुणाला दिसत नाही. दुसरं, २०२५मध्ये गुहागर, लाडघर, श्रीवर्धन, नागाव आणि पालघर जिल्ह्यातलं पारनाका या किनाऱ्यांची नावं ‘ब्लू फ्लॅग’च्या यादीत लागली. हे मानांकन तेहतीस कसोट्यांवर ठरतं आणि त्यात पोहण्याच्या पाण्याची नियमित तपासणी अगदी वरच्या जागी आहे. ते एका हंगामापुरतंच मिळतं, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा.

तीन-चार वर्षं प्रशासकांच्या हाती कारभार राहिल्यानंतर २०२५च्या डिसेंबरात राज्यातल्या अडीचशेच्या आसपास नगरपरिषदा आणि चाळीसेक नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, गुहागर, मालवण, वेंगुर्ला या सगळ्या गावांना पुन्हा लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक मिळाले. अर्थसंकल्प दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास सभेपुढे येतो आणि सभा सर्वसाधारणपणे नागरिकांना खुली असते. अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत तीन आकडे शोधावेत. वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता; तशा बंधित पैशातला किती खर्च झाला आणि किती बँकेत पडून आहे? मैला उपसणाऱ्या गाडीच्या डिझेलला आणि चालकाला किती तरतूद आहे? आणि निवास-न्याहारीची किती घरं व्यावसायिक नोंदीत आली? हे आकडे पुस्तिकेत सापडले नाहीत, तर माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं कार्यालयावर बंधनकारक आहे.